राउटर ब्रिक झालाय? फर्मवेअर पुन्हा चढवून तो परत आणण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपडेट चालू असताना वीज गेली, भलत्याच मॉडेलची फाइल चढली, किंवा दुसरं फर्मवेअर टाकून बघितलं आणि राउटर उठलाच नाही. असा ‘ब्रिक’ झालेला, म्हणजे विटेसारखा निपचित पडलेला, राउटर लोक मेला समजून अडगळीत टाकतात. त्यातले बरेचसे जिवंत असतात. खाली दिलेली उत्तरं त्यांना परत आणण्याबद्दल आहेत. क्रम मुद्दाम असा ठेवलाय की ज्यात नुकसानाची शक्यता सगळ्यात कमी, ते आधी. म्हणून पेचकस हातात घेण्याआधी वरचे प्रश्न वाचून घ्या.

पत्ते आणि आकडे इथे देवनागरीत आहेत. संगणकावर टाइप करताना इंग्रजी अंकच वापरा.

राउटर ‘ब्रिक’ झाला म्हणजे नक्की काय बिघडलं?

राउटर हा छोटा संगणकच आहे. त्याचं सगळं सॉफ्टवेअर एका फ्लॅश चिपवर असतं आणि त्या चिपचे भाग पाडलेले असतात. सुरुवातीला बूटलोडर: बहुतेक राउटरांत यू-बूट, ब्रॉडकॉमच्या बऱ्याच राउटरांत सीएफई. त्यानंतर लिनक्सचा कर्नल (त्याचा गाभा) आणि त्याची फाइल सिस्टिम, म्हणजे आपण ज्याला फर्मवेअर म्हणतो तो मोठा भाग. मग तुमच्या सेटिंग्ज. आणि एका कोपऱ्यात, अनेक मॉडेलांत अगदी शेवटी, त्या एकाच राउटरची ओळख: मॅक पत्ते (नेटवर्कवरची त्याची स्वतःची ओळख) आणि रेडिओचं कॅलिब्रेशन (त्या बोर्डासाठी मोजून लिहिलेले वाय-फायचे आकडे).

वीज दिली की आधी बूटलोडर जागा होतो, रॅम आणि फ्लॅश सुरू करतो आणि कर्नल उचलून त्याच्या हाती कारभार देतो. नेहमीच्या अपडेटमध्ये फक्त मधला मोठा भाग लिहिला जातो. तो अर्धवट राहिला तरी बूटलोडर शाबूत असतो आणि अशा राउटरला केबलवरून नवं फर्मवेअर देता येतं. याला सॉफ्ट ब्रिक म्हणतात. बूटलोडरच पुसला गेला तर हार्ड ब्रिक, आणि मग डबा उघडण्यावाचून गत्यंतर नाही. या पानावरचा प्रत्येक उपाय एकाच प्रश्नाभोवती फिरतो: बूटलोडर जिवंत आहे का?

आधी हे सांगा, माझा राउटर खरोखर ब्रिकच झालाय का?

बऱ्याचदा नसतो. सगळ्यात मोठा संशयित असतो अडॅप्टर. त्यातला कपॅसिटर वाळला की मल्टिमीटरवर १२ व्होल्ट नीट दिसतात, पण राउटरने करंट ओढायला सुरुवात केली की व्होल्टेज कोसळतं. मग राउटर सुरू होतो, वाय-फाय चालू व्हायच्या वेळी मरतो, परत सुरू होतो. लक्षणं हुबेहूब बिघडलेल्या फर्मवेअरची. म्हणून तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि त्याच ध्रुवतेचा दुसरा अडॅप्टर आधी लावून बघा. पिन बसते म्हणजे अडॅप्टर चालतो असं नाही. ९ व्होल्ट आणि १२ व्होल्टच्या पिना सारख्याच दिसतात, तेव्हा लेबल वाचा.

दुसरं, राउटर चालू असतो पण त्याचा पत्ता बदललेला असतो. नव्या फर्मवेअरने १९२.१६८.०.१ ऐवजी १९२.१६८.१.१ घेतलेला असू शकतो. शिवाय ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त फर्मवेअर नव्याने टाकल्यावर बहुतेक राउटरांत वाय-फाय बंदच असतं. केबल लावून आत शिरावं लागतं. वाय-फायचं नाव दिसत नाही म्हणून राउटर मेला असं धरून चालू नका.

दिव्यांवरून काय कळतं?

अंदाज येतो, खात्री नाही. ठरावीक वेळाने सगळे दिवे एकदम चमकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होत असेल तर तो बूटलूप: बूटलोडर कर्नलला उठवतो, कर्नल कोसळतो, परत तेच. आशादायक लक्षण आहे. पॉवरचा दिवा सावकाश, एका लयीत लुकलुकत असेल तर बऱ्याच मॉडेलांत राउटर स्वतःहून रिकव्हरी मोडमध्ये थांबलेला असतो आणि फाइलची वाट बघत असतो. सगळे दिवे लागून तसेच गोठले, किंवा फक्त पॉवरचा दिवा लागला आणि केबल लावूनही लॅन पोर्टचा दिवा कधीच हलला नाही, तर बूटलोडरवर संशय घ्यावा. तरीही पुढच्या प्रश्नातली तपासणी केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

बूटलोडर जिवंत आहे का, हे डबा न उघडता कसं तपासायचं?

संगणकाला हाताने पत्ता द्या (कसा, ते पुढे आहे), केबल लावा आणि राउटरच्या पत्त्यावर सतत पिंग (‘आहेस का?’ असं विचारणारा आदेश) सुरू ठेवा. विंडोजमध्ये पिंगच्या आदेशाला ‘-टी’ हा पर्याय जोडला की ते थांबत नाही. आता राउटर बंद करून चालू करा आणि पडद्याकडे बघत राहा. सुरुवातीची काही सेकंदं उत्तरं आली आणि मग थांबली, तर ती उत्तरं बूटलोडरची होती.

उत्तराच्या ओळीत टीटीएल नावाचा एक आकडा असतो, तोही वाचा. सीएफई बूटलोडर १०० टीटीएलने उत्तर देतो, चालू झालेलं लिनक्स ६४ ने. म्हणजे १०० दिसलं की बूटलोडर बोलतोय, ६४ दिसलं की फर्मवेअर बऱ्यापैकी उठलंय आणि दुखणं कदाचित सेटिंग्जमध्ये आहे.

यू-बूटच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. स्वतःचं काही नेटवर्कचं काम चालू नसेल तर तो पिंगला उत्तरच देत नाही. त्यामुळे पिंग आलं नाही म्हणजे सगळं संपलं असं समजू नका. इथे वायरशार्क, म्हणजे केबलवरून येणारे-जाणारे संदेश दाखवणारं सॉफ्टवेअर, फार कामाचं ठरतं. ते संगणकाच्या लॅन पोर्टवर चालू ठेवा, रीसेट दाबून राउटरला वीज द्या आणि बघा. ‘१९२.१६८.०.६६ कोणाकडे आहे?’ अशा अर्थाची एआरपीची (पत्ता कोणाचा हे विचारणाऱ्या संदेशाची) ओळ दिसली तर राउटर स्वतः फाइल मागतोय. कोणत्या पत्त्यावर मागतोय तेही त्यानेच सांगितलं! अनोळखी मॉडेल हातात आलं की मी नेहमी इथूनच सुरुवात करतो.

कोणती फाइल घ्यायची?

इथे घाई केली की सॉफ्ट ब्रिकचा हार्ड ब्रिक होतो, म्हणून सावकाश वाचा.

राउटर उलटा करा. लेबलवर मॉडेलच्या नावाशेजारी हार्डवेअर आवृत्ती असते: व्ही १, व्ही २, व्ही ५.१ वगैरे. नाव तेच असलं तरी आवृत्ती बदलली की आतली चिप, फ्लॅशचा आकार, रॅम, काहीही बदललेलं असू शकतं. व्ही ४ ची फाइल व्ही ५ ला चालेल असं धरणं चूक. काही कंपन्या देशागणिक वेगळी फाइल देतात, तेही जुळलं पाहिजे. मूळ फर्मवेअर शक्यतो निर्मात्याच्या अधिकृत डाउनलोड पानावरूनच घ्या. कुठल्या तरी फाइल शेअरिंगच्या दुव्यावरची फाइल कोणी, काय करून ठेवली आहे हे सांगता येत नाही, आणि राउटरमधून तुमचं सगळं इंटरनेट जातं.

डाउनलोड केलेली फाइल झिप असेल तर ती उघडून आतली फाइल घ्या. झिपच राउटरला पाठवणारे लोक कमी नाहीत. पानावर एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) दिला असेल तर तो जुळवा. फाइलचा आकार फ्लॅशपेक्षा मोठा नाही ना, तेही बघा.

ओपनडब्ल्यूआरटी टाकायचं असेल तर दोन जातीच्या फाइली दिसतील. ‘फॅक्टरी’ ही निर्मात्याच्या फर्मवेअरवरून किंवा त्याच्या रिकव्हरीतून चढवायची. ‘सिसअपग्रेड’ ही आधीच ओपनडब्ल्यूआरटी असलेल्या राउटरवर. दोन्हींची अदलाबदल चालत नाही. काही मॉडेलांसाठी रिकव्हरीची वेगळीच फाइल असते, म्हणून त्या मॉडेलचं पान पूर्ण वाचा.

टीपी-लिंकच्या जुन्या राउटरांबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. मूळ फर्मवेअरच्या फाइलनावात ‘बूट’ असा शब्द असेल तर त्या फाइलच्या सुरुवातीला बूटलोडरसुद्धा असतो. निर्मात्याच्या वेब पानावरून ती नीट चढते. पण ओपनडब्ल्यूआरटीवरून परतताना किंवा सिरियलवरून (बोर्डावरच्या तारांच्या जोडणीतून, ती पुढे येते) लिहिताना तीच फाइल तशीच दिली तर सगळा मजकूर चुकीच्या जागी बसतो. तिथे बूटलोडरचा भाग कापून काढलेली फाइल लागते.

संगणकाची तयारी काय करायची?

वाय-फाय बंद करा. हे विसरल्यामुळे पिंग भलत्याच राउटरकडे जातं आणि माणूस गोंधळतो. व्हीपीएन बंद. फायरवॉल तेवढ्यापुरती बंद ठेवा किंवा टीएफटीपीला (फाइल पाठवायची पद्धत, पुढच्या प्रश्नात आहे) परवानगी द्या. विंडोजची फायरवॉल राउटरची विनंती गुपचूप अडवते आणि पडद्यावर काहीच दिसत नाही.

लॅन कार्डच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता हाताने भरा, कारण रिकव्हरी मोडमधला राउटर सहसा तुम्हाला पत्ता वाटत नाही. राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर संगणकाला १९२.१६८.१.१० द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे रिकामा ठेवला तरी चालतो. केबल लॅन पोर्टमध्ये लावा, वॅनमध्ये (इंटरनेटच्या पोर्टमध्ये) नाही (मायक्रोटिक अपवाद, तो पुढे येतो).

आणि जमलं तर राउटर आणि संगणक यांच्यामध्ये एक साधा नेटवर्क स्विच ठेवा. कारण असं: राउटर बंद-चालू केला की संगणकाला केबल निघाल्यासारखं वाटतं. परत जोडणी झाली तरी लॅन कार्ड तयार व्हायला काही सेकंदं जातात, आणि बूटलोडर तेवढीच सेकंदं ऐकत असतो. मध्ये स्विच असला की संगणकाची जोडणी तुटतच नाही. ‘सगळं बरोबर करूनही होत नाही’ अशा कितीतरी तक्रारी या एका स्विचने मिटतात.

टीएफटीपी म्हणजे काय, आणि फाइल मी पाठवायची की राउटर मागणार?

टीएफटीपी ही फाइल पाठवायची अतिशय साधी पद्धत. आज वापरात असलेलं तिचं मानक आरएफसी १३५०, साल १९९२. यूडीपी पोर्ट ६९. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, फोल्डरची यादी नाही. फाइलचे ५१२ बाइटचे तुकडे करायचे, एक पाठवायचा, पोच आली की पुढचा. ५१२ पेक्षा लहान तुकडा आला की फाइल संपली. इतकी साधी असल्यामुळेच ती छोट्याशा बूटलोडरमध्ये बसते.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो दिशेचा. काही राउटरांत बूटलोडर सर्व्हर बनतो आणि तुम्ही फाइल ढकलता. काहींत बूटलोडर ग्राहक असतो, तुमच्या संगणकावर सर्व्हर चालू हवा आणि राउटर ठरलेल्या नावाची फाइल मागून घेतो. दिशा उलटी धरली तर दिवसभर बसून काहीही होणार नाही.

फाइल ढकलायची असेल तर विंडोजच्या ‘फीचर्स’ यादीतून टीएफटीपी क्लायंट आधी चालू करावा लागतो. पाठवताना बायनरी मोड हवाच (विंडोजमध्ये ‘-आय’ हा पर्याय). तो नसेल तर मजकुराची फाइल समजून रूपांतर होतं आणि फर्मवेअर खराब होतं. वेळ साधण्यासाठी आदेश आधी टाइप करून तयार ठेवा. राउटरला वीज द्या आणि पिंगचं पहिलं उत्तर दिसताक्षणी एंटर दाबा.

राउटर स्वतः फाइल मागतो त्या प्रकारात प्रत्यक्ष काय दिसतं?

टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन, आवृत्ती ९, हे चांगलं उदाहरण आहे. याची फ्लॅश फक्त ४ मेगाबाइट. संगणकाला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्यायचा, टीएफटीपी सर्व्हर चालू करायचा आणि त्याच्या फोल्डरमध्ये फर्मवेअर ठेवायचं. फाइलचं नाव राउटरला हवं तसंच पाहिजे: मॉडेल आणि आवृत्ती, अंडरस्कोर, टीपी, अंडरस्कोर, रिकव्हरी, आणि शेवटी डॉट बिन. सगळी अक्षरं लहान.

रीसेट दाबून धरायचं, त्याच स्थितीत पॉवर चालू करायची आणि सर्व्हरच्या लॉगवर नजर ठेवायची. काही सेकंदांत १९२.१६८.०.८६ वरून वाचण्याची विनंती आल्याची ओळ दिसते, तिच्यात फाइलचं नाव असतं. तिथे बटण सोडलं तरी चालतं. मग तुकडे जायला लागतात; ४ मेगाबाइटचे साधारण ८ हजार तुकडे होतात, पण केबलवर ते भरभर जातात. यानंतरच कसोटी असते, कारण लॉग गप्प होतो आणि राउटर काहीच करत नाहीसा वाटतो. तो फ्लॅश पुसून नवीन लिहीत असतो. थोड्या वेळाने सगळे दिवे एकदा चमकतात आणि तो आपणहून उठतो.

विनंती आली पण ‘फाइल सापडली नाही’ असं लॉगमध्ये दिसलं, तर नाव चुकलंय. लॉगमधलं नाव बघून आपल्या फाइलला तेच द्या. विंडोज फाइलचं शेपूट लपवतं, त्यामुळे ‘डॉट बिन डॉट बिन’ झालेलं असतं आणि डोळ्यांना दिसत नाही. फाइल एक्स्टेन्शन दाखवण्याची सेटिंग चालू करून बघा.

प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते का?

हो, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. तरी ढोबळ वाटा सांगता येतात.

असूसमध्ये रीसेट दाबून वीज द्यायची आणि पॉवरचा दिवा सावकाश लुकलुकू लागला की सोडायचं. मग कंपनीचंच ‘फर्मवेअर रिस्टोरेशन’ हे साधन फाइल पाठवतं. अनेक मॉडेलांत १९२.१६८.१.१ वर ब्राउझरमध्येही एक छोटं पान उघडतं. डी-लिंकच्या बऱ्याच राउटरांत असंच आणीबाणीचं पान १९२.१६८.०.१ वर मिळतं: फाइल निवडा, पाठवा, थांबा. टीपी-लिंकच्या काही नव्या मॉडेलांतही आता टीएफटीपीऐवजी असं पान असतं. जीएल-आयनेटच्या राउटरांत बूटलोडरमध्येच वेब पान आहे.

नेटगिअरसाठी एनएमआरपीफ्लॅश हे मुक्त साधन वापरा. नेटगिअरचा बूटलोडर सुरू होताना अगदी थोडा वेळ एनएमआरपी या खास नियमावलीत ऐकतो, आणि हे साधन नेमकं तेव्हा त्याला पकडतं. आधी आदेश सुरू करायचा, मग राउटरला वीज द्यायची, क्रम हाच. विंडोजवर त्यासाठी एनपीकॅप हे सॉफ्टवेअर बसवावं लागतं.

लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी१९००एसी मालिकेत फर्मवेअरच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तर राउटर चालू होताना लागोपाठ तीनदा मध्येच बंद करायचा, की तो दुसऱ्या प्रतीवर जातो. मायक्रोटिकला त्याच कंपनीचं नेटइन्स्टॉल हे साधन लागतं, आणि तिथे केबल बहुतेक मॉडेलांत पहिल्या पोर्टला लावायची असते, जो एरवी इंटरनेटचा पोर्ट असतो.

बूटलोडरमधलं वेब पान ही यातली सगळ्यात माणसाळलेली सोय आहे. ती प्रत्येक राउटरमध्ये असायला हवी, आणि डब्यातल्या पुस्तिकेत तिच्यावर एक पान हवं. आज बहुतेक पुस्तिकांत रिकव्हरीचा उल्लेखही नसतो. त्यामुळे चालू शकणारी यंत्रं कचऱ्यात जातात, याचं वाईट वाटतं.

३०-३०-३० रीसेट करून बघू का?

रीसेट दाबून ३० सेकंद चालू, ३० सेकंद वीज काढून, पुन्हा ३० सेकंद वीज देऊन, अशी ती जुनी युक्ती. डब्ल्यूआरटी५४जी च्या काळातल्या राउटरांची एनव्हीरॅम (सेटिंग्ज साठवण्याची जागा) पुसायला ती उपयोगी होती. आजच्या राउटरांत वीज देताना रीसेट धरण्याचा अर्थच वेगळा असतो. मॉडेलच्या पानावर स्पष्ट सांगितलं नसेल तर करू नका.

फाइल पूर्ण गेली, तरी राउटर उठत नाही. आता?

आधी थांबा. लिहिणं, मग पहिल्यांदा फाइल सिस्टिम तयार होणं, याला काही मिनिटं लागू शकतात. १० मिनिटं हात लावू नका. त्यानंतर वीज काढून पुन्हा द्या आणि एकदा नेहमीचा फॅक्टरी रीसेट करा, कारण जुन्या सेटिंग्ज नव्या फर्मवेअरला पचत नाहीत असं पुष्कळदा होतं. संगणकाचा पत्ता परत आपोआप घेण्यावर ठेवा, नाहीतर चालू झालेला राउटरही दिसणार नाही.

तरी नाही झालं तर शक्यता अशा: बूटलोडरने फाइल घेतली पण तपासून नाकारली (आवृत्ती किंवा देश जुळत नाही), किंवा मॉडेल निर्मात्याची डिजिटल सही असलेलंच फर्मवेअर स्वीकारतं आणि तुमची फाइल तशी नाही. निर्मात्याचं थोडं जुनं फर्मवेअर देऊन बघण्यासारखं आहे.

ओपनडब्ल्यूआरटी आहे, पण सेटिंग चुकवल्यामुळे आत जाता येत नाही. पुन्हा फ्लॅश करावं लागेल?

नाही. फेलसेफ मोड, म्हणजे तुमच्या सेटिंग्ज बाजूला ठेवून सुरू होण्याची सोय, वापरा. राउटर सुरू होताना एक दिवा भरभर लुकलुकतो, त्या क्षणी बटण दाबा. लुकलुकणं आणखी वेगवान झालं की तुम्ही आत. संगणकाला १९२.१६८.१.२ द्या आणि १९२.१६८.१.१ वर एसएसएचने (आदेश टाइप करण्याच्या दूरच्या जोडणीने) जा. पासवर्ड लागत नाही. तिथे ‘माउंट अंडरस्कोर रूट’ चालवून चुकलेली फाइल दुरुस्त करा, किंवा ‘फर्स्टबूट’ चालवून सगळं मूळपदावर आणा.

सिरियल जोडणी कधी लागते आणि ती कशी करायची?

केबलवरून काहीच हाती लागत नाही, पण राउटर पूर्ण मेलेला वाटत नाही, तेव्हा. सिरियलवर बूटलोडर काय म्हणतोय ते शब्दशः वाचता येतं, म्हणून मला हा टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो. अंदाज संपतात.

डबा उघडल्यावर बोर्डावर एका रांगेत चार छिद्रं किंवा ठिपके शोधा. वीज काढून मल्टिमीटरने ग्राउंड ओळखा. अँटेनाच्या धातूच्या आवरणाशी बीप देतो तो. वीज दिल्यावर ३.३ व्होल्टवर स्थिर राहतो तो पुरवठा. सुरू होताना ज्याचं व्होल्टेज थरथरतं तो टीएक्स (पाठवणारा). उरला तो आरएक्स (घेणारा).

यूएसबी-टीटीएल अडॅप्टर हवा: सीपी२१०२, सीएच३४० किंवा एफटी२३२ चिपचा, आणि ३.३ व्होल्टवर लावलेला. ५ व्होल्टवर असलेला अडॅप्टर राउटरची चिप जाळू शकतो. काही मॉडेलांत पातळी १.८ व्होल्ट असते, तिथे ३.३ सुद्धा जास्त, म्हणून आधी मोजा. ग्राउंड ग्राउंडला, एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला. पुरवठ्याची तार जोडायचीच नाही, राउटरला त्याचा स्वतःचा अडॅप्टर आहे. पुटी या टर्मिनल सॉफ्टवेअरमध्ये वेग ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट; बहुतेक राउटर यावरच बोलतात.

कचरा अक्षरं आली तर वेग चुकलाय किंवा ग्राउंड नीट बसलेला नाही. काहीच आलं नाही तर टीएक्स-आरएक्स बदलून बघा. नीट मजकूर आला की शेवटच्या ओळी वाचा. ‘बॅड डेटा सीआरसी’ म्हणजे फर्मवेअर अर्धवट किंवा खराब. ‘कर्नल पॅनिक’ आणि सोबत रूट फाइल सिस्टिम जोडता आली नाही अशी तक्रार, म्हणजे कर्नल ठीक, फाइल सिस्टिम गेली. दोन्हींवर उपाय तोच: मोजणी चालू असताना कळ दाबून बूटलोडर थांबवायचा (काही टीपी-लिंकमध्ये टी, पी, एल ही तीन अक्षरं झटकन टाइप करावी लागतात), टीएफटीपीने फाइल रॅममध्ये आणायची, फर्मवेअरचा भाग पुसायचा आणि तिथे लिहायची.

पुसण्याच्या आदेशातला पत्ता मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. अनेक जुन्या मॉडेलांत पहिले १२८ किलोबाइट बूटलोडरचे आणि शेवटचे ६४ किलोबाइट कॅलिब्रेशनचे असतात. पुसण्याची सुरुवात किंवा लांबी चुकली की यातलं एक जातं. दुसऱ्या मॉडेलचे पत्ते कॉपी करू नका. ज्या मॉडेलांत शक्य आहे तिथे आधी फक्त रॅममधून चालणारी इनिटरॅमएफएस प्रतिमा सुरू करावी आणि तिच्यातून रीतसर अपग्रेड करावं. त्यात पत्ते हाताने भरावेच लागत नाहीत.

सिरियलवरही काही येत नाही. बूटलोडर गेलाय. संपलं?

फ्लॅश आठ पायांची एसपीआय चिप असेल, २५ मालिकेची, तर संपलं नाही. उदाहरणार्थ २५क्यू६४ म्हणजे ६४ मेगाबिट, म्हणजे ८ मेगाबाइट. सीएच३४१ए प्रोग्रामर, चिपला लावायची चिमट्यासारखी क्लिप आणि फ्लॅशरॉम हे सॉफ्टवेअर, एवढ्यावर काम होतं. क्लिपची लाल तार चिपवर ठिपका असलेल्या पायाकडे. राउटरचा स्वतःचा अडॅप्टर काढलेला हवा. सीएच३४१ए च्या प्रचलित काळ्या बोर्डात डेटा तारांवर ५ व्होल्ट येण्याचा दोष आहे, तेव्हा ३.३ साठी दुरुस्त केलेला बोर्ड किंवा दुसरा प्रोग्रामर वापरा.

लिहिण्याआधी चिप दोनदा वाचून दोन्ही फाइलींचे चेकसम जुळवा. जुळत नसतील तर क्लिप नीट बसलेली नाही, किंवा क्लिपमधून जाणाऱ्या विजेने राउटरचा प्रोसेसर जागा होऊन मध्ये बोलतोय. क्लिप बसवूनही हे थांबत नसेल तर चिप बोर्डावरून उतरवून वाचावी लागते. जुळलेली प्रत हाच तुमचा सर्वात मौल्यवान ऐवज आहे, कारण कॅलिब्रेशन त्याच्यातच आहे. मग त्या प्रतीत फक्त बूटलोडरचा (आणि हवं तर फर्मवेअरचा) भाग बदला आणि ती परत लिहा.

नँड या दुसऱ्या जातीच्या फ्लॅशच्या राउटरांत हे इतकं सरळ नाही. तिथे खराब ब्लॉक असतात, त्रुटी सुधारण्याचा वेगळा डेटा असतो, पायही खूप. ते काम सरावलेल्या हाताकडे द्या.

दुसऱ्याच्या चांगल्या राउटरची पूर्ण प्रत माझ्या चिपवर लिहिली तर?

राउटर उठेल, पण त्याच्या मॅक पत्त्यांसकट आणि त्याच्या रेडिओच्या कॅलिब्रेशनसकट. दोन्ही राउटर एकाच नेटवर्कवर आले की गोंधळ होईल, आणि वाय-फायचा पल्ला व वेग घसरू शकतो, कारण ते आकडे त्या बोर्डाचे मोजून लिहिलेले असतात. आपल्या जुन्या प्रतीतला तो भाग (अ‍ॅथेरॉसच्या राउटरांत एआरटी, मीडियाटेकमध्ये सहसा ‘फॅक्टरी’) काढून त्यात बसवा. तो भाग मुळीच वाचला नसेल तर दुसऱ्याचा घेऊन लेबलवरचा स्वतःचा मॅक पत्ता त्यात लिहिणं हा तडजोडीचा मार्ग उरतो.

मोबाइलवरून हे सगळं करता येईल का?

वेब पानाची रिकव्हरी, यूएसबी-लॅन अडॅप्टर जोडून, काही फोनवर होते. बाकीसाठी संगणकच घ्या.

इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर आहे. त्यावर प्रयत्न करू?

नको. तो बहुधा कंपनीच्याच मालकीचा असतो, त्याचं फर्मवेअर सार्वजनिक नसतं आणि त्यात तुमच्या जोडणीची माहिती भरलेली असते. फायबरचा ओएनटी (फायबरची तार ज्यात येते तो डबा) असेल तर नुसतं फर्मवेअर परत येऊन जोडणी परत येत नाही. बदलून मागा. वॉरंटीतल्या स्वतःच्या राउटरचंही तसंच, डबा उघडण्याआधी दावा करा.

राउटर परत आला. लगेच काय करायचं?

निर्मात्याचं ताजं फर्मवेअर आता त्याच्या नेहमीच्या पानावरून चढवा. रिकव्हरीसाठी वापरलेलं जुनं असेल तर त्यात सुरक्षेच्या उघड्या फटी राहिलेल्या असू शकतात. केबल लावूनच करा, वाय-फायवरून नाही, आणि जमलं तर यूपीएसवर. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, कारण रीसेटनंतर तो कारखान्यातलाच असतो. सेटिंग्जची जुनी बॅकअप फाइल वेगळ्या आवृत्तीवर लादू नका, हाताने भरा.

ओपनडब्ल्यूआरटी असेल तर त्याच बैठकीत फ्लॅशच्या भागांच्या प्रती काढून घ्या. लुसी या त्याच्या वेब पानांतल्या ‘बॅकअप, फ्लॅश फर्मवेअर’ पानावर प्रत्येक एमटीडी भाग (फ्लॅशचा भाग) उतरवून घ्यायची सोय आहे. निदान बूटलोडर आणि कॅलिब्रेशन हे दोन तरी घ्या, फाइलनावात मॉडेल, आवृत्ती आणि मॅक पत्ता लिहा, आणि त्या राउटरला जोडलेल्या पेनड्राइव्हवर नव्हे तर दुसरीकडे ठेवा.